गौलीगुड्याचे कंट्रोलरसाहेब

फोन उचलला की कंट्रोलरसाहेब 'हॅलो' म्हणत नसत, वेळ सांगत. "सात वाजून बारा मिनिटं. कंट्रोलर बोलतोय. काय पुणेवाले, गाडी डेपोत आहे का रस्त्यावर?" मी हैदराबादेत आहे की कुठे बाहेरगावी गेलोय, एवढंच त्यांना विचारायचं असे. इथेच आहे म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं. "मग परवा साडेदहाला रक्तपेढीत. नाश्ता करून या. रिकाम्या पोटी आलात तर परत पाठवीन."

हा फोन सकाळी सात ते साडेसात या अर्ध्या तासातच येई. मी एकदा त्यांना म्हटलं, काका, जरा उशिरा करत जा, ऑफिसला पोचल्यावर निवांत बोलता येतं. ते म्हणाले, "नको. दहा वाजेपर्यंत माणूस हुशार होतो. सातला तो खोटं बोलायला पुरता जागा झालेला नसतो." मी मोठ्यांदा हसलो होतो. पुढे एका मंगळवारी सात वाजून नऊ मिनिटांनी मी त्यांच्याशी खोटं बोललो, आणि तेव्हा मी पुरता जागा होतो. हे मी त्यांच्याबद्दल लिहायला बसलो आहे. पण ते खोटं वगळून त्यांच्याबद्दल लिहिणं मला जमणार नाही, म्हणून ते आधीच सांगून ठेवतो.

गौलीगुड्याच्या बसस्थानकात ते एकतीस वर्षं कंट्रोलर होते. कुठली बस कुठल्या फलाटावर लागणार, कधी सुटणार, ड्रायव्हर आला नाही तर कुणाला चढवायचं, हे ठरवणारा माणूस. मूळचे देगलूरकडच्या एका खेड्यातले, घर चिक्कडपल्लीला बाजाराच्या मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर. त्यांच्या मराठीत देगलूर होतं, दख्खनी होती, आणि ड्रायव्हरांवर ओरडून ओरडून पक्की झालेली तेलुगू होती. 'होय'ला 'हौ' म्हणत, 'का'ला 'कामून'. निवृत्त होऊन दहा-बारा वर्षं झाली तरी खिशाला दोन पेनं असत, निळं आणि लाल. लाल पेन रद्द झालेल्या गाड्यांसाठी. ते त्यांनी शक्यतो वापरलं नाही असं ते अभिमानाने सांगत.

गाडी रद्द झाली तर माइकवरून घोषणा करायची असा तिथला नियम. कंट्रोलरसाहेब मात्र केबिनमधून उठून फलाटावर जात, प्रवाशांच्या समोर उभं राहून सांगत, आणि शिव्या खात. "माइकवर सांगितलं की शिव्या हवेत जातात," ते म्हणत. "समोर माणूस दिसला की लोक पोटभर बोलतात, अन् मग विचारतात, दुसरी गाडी कधी आहे."

थॅलेसेमियाच्या मुलांच्या कामात ते कसे आले, हे विचारणाऱ्याला आधी वाटे की त्यांच्या घरात कुणाला तरी हा आजार असणार. नव्हता. या आजारात मुलाचं शरीर स्वतःचं रक्त नीट तयार करत नाही. दर तीन आठवड्यांनी दुसऱ्याचं रक्त भरावं लागतं, तेही जन्मभर. कंट्रोलरसाहेबांना हे कुठल्या डॉक्टरने सांगितलं नव्हतं. त्यांना ते वेळापत्रकावरून कळलं. देगलूरच्या पहाटेच्या गाडीने एक जोडपं एका लेकराला घेऊन उतरायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचं. दर तिसऱ्या मंगळवारी. "सकाळी लेकरू पांढरंफटक, संध्याकाळी ओठ लाल. पाच-सहा खेपा बघितलं. एकदा संध्याकाळीही पांढरंफटकच. म्हटलं, काय झालं? बाप म्हणाला, रक्तच मिळालं नाही. आता बघा, गाडी वेळेवर आली, प्रवासी वेळेवर आला, अन् पुढची गाडीच नाही! माझ्या स्टँडवर असं चालत नव्हतं." त्या दिवशी त्यांनी देगलूरची गाडी पंचवीस मिनिटं थांबवून ठेवली, दोन कंडक्टरांना रिक्षात घालून रक्तपेढीत पाठवलं, आणि तेवढ्यात काम होईना तेव्हा त्या जोडप्याला मुक्कामाला घरी नेलं. गाडी उशिरा सोडल्याबद्दल त्यांना मेमो मिळाला. तो त्यांनी जपून ठेवला होता.

निवृत्तीनंतर हेच काम त्यांनी पूर्णवेळ घेतलं, आणि बसस्थानकासारखंच चालवलं. एका मुलामागे पाच-सहा रक्तदाते लावायचे. एकाची पाळी झाली की चारेक महिन्यांनी पुन्हा त्याची. शिवाय दुर्मीळ गटाच्या मुलाला एक स्पेअर, म्हणजे आयत्या वेळी कुणी आला नाही तर निघायला तयार असलेला माणूस. रक्तदात्याला ते 'गाडी' म्हणत, त्याच्या तोंडावर. कुणाला राग आला तर म्हणत, "अहो, गाडी म्हणतोय, खटारा नाही म्हणत." नियमांना फार कडक. ताप येऊन गेला असेल तर चौदा दिवस रक्त घ्यायचं नाही म्हणजे नाही. तेराव्या दिवशी आलेल्याला त्यांनी चहा पाजून परत पाठवलेलं मी पाहिलं आहे. "दुसऱ्याच्या लेकराच्या अंगात जाणार आहे ते. एक दिवस कमी कसा धरायचा?"

मी त्यांच्या यादीत आलो तो आमच्या कंपनीतल्या रक्तदान शिबिरातून. माझा गट बी निगेटिव्ह. कार्ड बघून ते माझ्या खुर्चीजवळ आले आणि सोनं सापडल्यासारखं म्हणाले, "कुठले?" मी म्हटलं, पुण्याचा, इथे अठरा वर्षं झाली. "मग अठरा वर्षं कुठं लपून बसला होतात?" पहिल्या रक्तदानानंतर ते मला मुलांच्या वॉर्डात घेऊन गेले. मी नको म्हणत होतो. दवाखान्याचा वास मला सहन होत नाही. "गाडीत कोण बसतं ते ड्रायव्हरला माहीत पाहिजे," एवढंच म्हणाले.

त्या वॉर्डात मी सनाला पहिल्यांदा पाहिलं. तेव्हा ती आठ वर्षांची होती. जुन्या शहरातली, वडील लहानपणीच गेलेले. आई रेहाना बी घरी शिवणकाम करते. सनाच्या हाताला नळी होती आणि दुसऱ्या हाताने ती वहीत भाज्यांची चित्रं काढत होती. कंट्रोलरसाहेब म्हणाले, "सना, ये देख, तेरी नयी गाडी, पुणे की." तिने मला खालून वरपर्यंत न्याहाळलं आणि आईला विचारलं, "अम्मी, इनो टाइम पे आते क्या?" वॉर्डातल्या सगळ्या आया हसल्या. मीही हसलो. तीन वर्षं मी वेळेवर येत राहिलो, हेही खरं आहे. ते मी स्वतःला अधूनमधून सांगत असतो.

आता सायकलीचं. आमच्याकडे काही जणांचा एक गट आहे. दर वर्षी डिसेंबरात या मुलांसाठी हैदराबाद ते नांदेड अशी तीन दिवसांची सायकलफेरी काढायची, वाटेतल्या गावांत थांबून लग्नाआधीच्या रक्ततपासणीबद्दल बोलायचं, कारण हा आजार आईबापांकडून मुलात येतो, आणि जे जमेल ते मुलांच्या औषधांसाठी द्यायचं, असा आमचा क्रम. चाळिशी उलटल्यावर मला सायकलीचं वेड लागलं ते इथे. कंट्रोलरसाहेब पाठीमागच्या गाडीत केळी, पाणी आणि वेळापत्रक घेऊन बसत. त्या रस्त्यावरचं प्रत्येक गाव त्यांना किती मिनिटांचं आहे ते पाठ होतं. "रामायमपेटला तुम्ही अकरा मिनिटं लेट. चहा कमी प्या, गप्पा कमी मारा."

आमच्या गटात एक गोष्ट होती जी कुणी मोठ्याने बोलत नसे. रक्त दिल्यावर महिनाभर दम कमी पडतो. चालताना, जिना चढताना काही कळत नाही, पण सायकलीवर चढ आला की कळतं. त्यामुळे फेरीच्या आधीच्या महिन्यात आमच्यातले बरेच जण रक्त द्यायचं टाळत. मुलांच्या रक्तासाठी निघालेली फेरी, आणि तिच्यासाठी आम्ही आपापलं रक्त राखून ठेवत होतो. आता लिहिताना यातला वेडेपणा स्वच्छ दिसतो. तेव्हा ती तयारी वाटायची, प्रोटीन खाण्यासारखी आणि लवकर झोपण्यासारखी. कुणी बाहेरगावी जाई, कुणाला सर्दी होई, कुणी दाढ काढून घेई, कारण दाढ काढल्यावरही काही काळ रक्त घेत नाहीत. कंट्रोलरसाहेब एकदा सगळ्यांसमोर म्हणाले होते, "डिसेंबरात या शहरात दाढा लई निघतात. थंडीचं काय की." सगळे हसले. मला वाटलं, ते विनोद करताहेत.

आदल्या वर्षी मी प्रामाणिकपणे रक्त देऊन गेलो होतो, आणि तिसऱ्या दिवशी नांदेड चाळीस किलोमीटरवर असताना माझे पाय संपले. उरलेला रस्ता मी केळ्यांच्या शेजारी बसून गाडीतून गेलो. नांदेड माझी सासुरवाडी. सासरे हार घेऊन चौकात उभे होते. मी सायकलीशिवाय उतरलो तेव्हा त्यांनी तो हार हातात तसाच धरून ठेवला. ऑफिसातल्या पोरांनी पुढे कितीतरी दिवस मला 'केळीवाले सर' म्हटलं. माणूस किती क्षुद्र कारणासाठी घसरतो ते सांगायचं म्हणून हे लिहिलं. याहून मोठं कारण माझ्याकडे नव्हतं.

म्हणून पुढच्या वर्षी, फेरीला अकरा दिवस उरले असताना, मंगळवारी सकाळी फोन वाजला तेव्हा माझं उत्तर तयार होतं. "सात वाजून नऊ मिनिटं. कंट्रोलर बोलतोय. गाडी डेपोत?" मी आवाज जरा बसवून म्हटलं, "काका, आज मंगळवार, आजपासून ताप आहे मला." मग म्हणाले, "हौ. बरं. आराम करा. गोळी घेतली का?" मी घेतली म्हटलं. फोन ठेवला, बूट चढवले, आणि ऑफिसच्या आधी तासभर सायकल मारून आलो.

पाळी सनाची होती. तिच्या स्पेअरला त्यांनी फोन केला असणार. तिचा स्पेअर आमच्याच गटातला एक व्यापारी होता, आणि त्याने आदल्याच दिवशी दाढ काढून घेतली होती. बाकीच्या चौघापाचांना रक्त देऊन तीन महिनेही झाले नव्हते, आणि त्याआधी पुन्हा घेत नाहीत. सना थांबून राहिली.

पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी उजाडल्यावर दवाखान्याच्या आवारातून फेरी निघाली. मुलांनी झेंडी दाखवायची अशी पद्धत. सना खुर्चीवर बसून होती, अंगावर शाल. रंग मेणासारखा झाला होता. सोमवारी बाहेरगावाहून एक दाता येणार आहे, असं कंट्रोलरसाहेबांनी मला सांगितलं. मी तेवढ्यावर समाधान मानलं. मी सायकल घेऊन निघणार तेवढ्यात रेहाना बी माझ्यापाशी आली.

"भाई, बुखार उतरा क्या आपका? कंट्रोलर साब बोले, बीमार पड गए बोल को. सना दुआ करी आपके वास्ते."

मी म्हटलं, "हाँ, अब ठीक है."

"इत्ते दूर सायकिल पे नक्को जाओ. कमजोरी रहती ना."

मागे उभा असलेला ऑफिसातला सचिन म्हणाला, "सर, तापातून उठून चाललात? मग बरे असता तर आम्हाला धूळ पण दिसली नसती!" मी हसलो आणि हेल्मेटचा पट्टा आवळला.

त्या दिवशी मी उत्तम चालवली. कामारेड्डीपर्यंत सगळ्यांच्या पुढे होतो. पाय हलके होते. अंगात रक्त पुरेपूर होतं.

रविवारी सकाळी कामारेड्डीत आम्ही इडल्या खात असताना कंट्रोलरसाहेबांचा फोन वाजला. ते उठून रस्त्याच्या कडेला गेले, ऐकलं, आणि परत येऊन टेबलाशी उभे राहिले. "सनाला पहाटे अॅडमिट केलं. श्वास लागलाय. रक्त चारच्या खाली गेलंय. सोमवारच्या माणसाचा फोन लागत नाही." मग माझ्याकडे वळून, नेहमीच्या आवाजात: "पुणेवाले, तुमचा ताप कधीचा?"

"गेल्याच्या गेल्या मंगळवारचा."

"म्हणजे आज तेरावा दिवस. चौदा लागतात."

"हो ना."

ते हलले नाहीत. "नीट आठवून सांगा. घाई नाही. हैदराबादची बस नऊ दहाला आहे, अजून अर्धा तास आहे. माणसाची तारीख चुकते कधी कधी."

दाढ काढलेला व्यापारी माझ्या समोरच बसला होता. तो ताटलीतली चटणी बोटाने गोळा करत राहिला. मला एवढंच म्हणायचं होतं, की काका, ताप नव्हता. तीन शब्द. टेबलाभोवती आठ माणसं होती, त्यात माझ्या हाताखालचे तिघे. पुढे दोन दिवसांचा रस्ता होता, आणि त्या रस्त्याच्या टोकाला हार होता. मी म्हटलं, "नाही काका, मंगळवारच. पक्कं आठवतंय."

"हौ. बरं."

त्यांनी वेळापत्रकाचा कागद आमच्या गाडीच्या ड्रायव्हरला दिला, कुठे किती वाजता पाणी द्यायचं ते दोनदा समजावलं आणि बसस्थानकाकडे चालू लागले. मी त्यांच्याबरोबर गेलो. का गेलो ते मला अजून नीट सांगता येत नाही. कदाचित तिथे एकट्याला सांगता येईल असं वाटलं असेल. बसमध्ये चढून खिडकीशी बसल्यावर ते म्हणाले, "बोधनच्या पुढं रस्ता खराब आहे. हळू जा." बस नऊ बाराला सुटली. दोन मिनिटं उशिरा. त्यांनी घड्याळ बघितलं.

बसमधूनच त्यांनी ओळखीच्या प्रत्येक डेपोला फोन लावले. दुपारी एका कंडक्टरचा धाकटा भाऊ बी निगेटिव्ह निघाला. तपासण्या होऊन सनाला रक्त चढायला संध्याकाळचे पाच वाजले. ती वाचली. नऊ दिवस दवाखान्यात राहिली, आणि डॉक्टर म्हणाले की हृदयावर ताण आला आहे, आता एक औषध कायमचं वाढलं. मी सोमवारी दुपारी सायकलीवरून नांदेडात शिरलो. सासऱ्यांनी हार घातला. त्याचा फोटो आमच्या घरात कुठेही नाही, पण ऑफिसच्या भिंतीवर होता. तो काढायला सांगण्यासाठी मला कारण सुचलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी मी चिक्कडपल्लीला गेलो. काकूंनी दार उघडलं. ते खुर्चीवर बसून वाटाणे सोलत होते. मी उभ्याउभ्याच म्हणालो, "काका, तो ताप..."

"बसा आधी. चहा घेणार ना?"

"काका, मला ताप नव्हता."

त्यांनी एक शेंग उकलली, दाणे भांड्यात सोडले. "मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"फोनवरच. तापातला माणूस आधी म्हणतो, अंग दुखतंय, थंडी वाजतेय. तुम्ही आधी वार सांगितला."

"मग कामारेड्डीला बोलला का नाहीत? सगळ्यांसमोर खडसवायचं होतं!"

"दोनदा विचारलं की. बसमध्ये माणूस ढकलून चढवता येतो, पुणेवाले. इथं नाही येत. तो हात स्वतःहून पुढं करावा लागतो." मग भांडं बाजूला ठेवून म्हणाले, "मला सांगून काय उपयोग? ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा. रेहाना बी अजून तुमच्या तब्येतीची विचारपूस करते."

मी हो म्हटलं. या महिन्यात सांगतो म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा कधीही तो विषय काढला नाही.

चार महिन्यांनी पुन्हा फोन आला. सात वाजून वीस मिनिटं, गाडी डेपोत का रस्त्यावर. आवाजात काहीही फरक नाही. मला त्या आवाजात राग शोधायचा होता. तो सापडला असता तर बरं वाटलं असतं. मी फेरीत जाणं सोडलं तेव्हा मात्र ते चिडले. "सायकल कामून सोडली? सायकलीनं काय केलं? चाळीस किलोमीटरवर पाय संपले तर संपले, मी केळी देईन." त्यांनी स्वतः एक गोष्ट बदलली. फेरीच्या आधीच्या दीड महिन्यात आमच्या गटातल्या कुणालाही ते फोन करेनासे झाले. त्या काळासाठी त्यांनी डेपो-डेपोंत फिरून ड्रायव्हर-कंडक्टरांची वेगळी यादी उभी केली. मी कारण विचारलं नाही, पण ते म्हणाले, "माणूस जसा आहे तसं वेळापत्रक लावायचं. जसा पाहिजे तसं लावलं की गाडी चुकते." हे ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

रेहाना बी वॉर्डात भेटे. दर वेळी विचारी, "तबियत अच्छी है ना भाई?" मी दर वेळी अच्छी म्हणे. पहिल्या वर्षी मला वाटायचं, सना पूर्ण बरी दिसू लागली की सांगू. दुसऱ्या वर्षी वाटायचं, इतक्या दिवसांनी सांगून तिला उगीच कशाला त्रास. न सांगण्याला माझ्याकडे दर महिन्याला नवं कारण तयार होत असे.

गेल्या श्रावणात कंट्रोलरसाहेब गेले. दुपारचं जेवून खुर्चीत बसले होते, तिथेच. स्मशानात खाकीतले ड्रायव्हर होते, आम्ही सायकलवाले होतो, आणि बाहेर रस्त्याकडेला कितीतरी आया मुलांना घेऊन उभ्या होत्या. रेहाना बीही होती. तिथेही मी तिला काही बोललो नाही.

तेराव्याला काकूंनी मला आतल्या खोलीत बोलावलं. फोनची यादी माझ्या हातात दिली. यापुढे फोन मी करावेत असं ते म्हणून गेले होते. मी म्हटलं, काकू, मला कसं जमेल, मी तर... त्यांनी मला थांबवलं. "ते कामारेड्डीहून आले ना, त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. मी विचारलं तर म्हणाले, मी तिसऱ्यांदा विचारायला पाहिजे होतं. लेकरापेक्षा मी त्या माणसाची अब्रू बघितली. शेवटपर्यंत म्हणायचे ते. तुम्हाला म्हणाले नसतील."

नव्हते म्हणाले. माझ्या खोट्याचा अर्धा भार ते दोन वर्षं स्वतःच्या डोक्यावर घेऊन हिंडत होते, आणि मला रोज फक्त माझाच दिसत होता.

पुढच्या मंगळवारी मी वॉर्डात गेलो. सना आता तेरा वर्षांची आहे. तिला रक्त चढत होतं, ती फोनवर काहीतरी बघत होती. मी रेहाना बीला बाहेरच्या व्हरांड्यात बोलावलं आणि सगळं सांगितलं. ताप नव्हता. सायकल चालवायची होती. कामारेड्डीत त्यांनी दोनदा विचारलं, मी दोन्ही वेळा खोटं बोललो. माझी दख्खनी आधीच मोडकी. ती भिंतीला टेकून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

मग म्हणाली, "भर्ती करे उस दिन मेरी बच्ची मेरे कू पूछी, अम्मी, मरने में दुखता क्या. मैं क्या जवाब दी, मालूम?"

मी मान हलवली.

"मैं बोली, चुप बैठ, भाई बुखार से उठे हैं, ताकत आते ही आते." ती माझ्याकडे बघत होती. डोळ्यांत पाणी नव्हतं. "वही बोल को समझाई उसको. तुम्हारा नाम लेके."

मी हात जोडले. तिने ते पाहिले आणि नजर वॉर्डाच्या दाराकडे नेली. मला वाटलं ती आता आत जाईल आणि पुन्हा कधी माझ्याशी बोलणार नाही. तसं झालं असतं तर ते योग्यच होतं.

"सना कू नक्को बोलो ये," ती म्हणाली. "अपने लोगाँ कू गिनते बैठती वो. छे हैं बोलती. नाम लेती एक-एक का, सोते वखत." ओढणी सोडून तिने डोक्यावर सारखी केली. "मैं तुम कू माफ नहीं करी. पर उसके पाँच नक्को करो."

एवढं बोलून ती आत गेली.